एकाच पात्याची रेघ

१

सोमवारी सकाळी साडेनऊला, अजून कुणाच्या अंगावर पांढरा कोट धड चढला नव्हता, तेव्हा त्या बाई लॅबच्या खिडकीशी आल्या आणि त्यांनी दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. आरडाओरडा नाही, काही नाही. त्या वाचनालयात काम करायच्या. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला दाखवतात ना, तशी त्यांनी दोन्ही कागदांवरची तारीख बोटानं दाखवली.

पहिला कागद याच लॅबचा, दहा आठवड्यांपूर्वीचा. बाईंच्या छातीतली गाठ सात महिन्यांपूर्वी काढली होती. नंतर औषध बदलायचं ठरलं, म्हणून डॉक्टरांनी गाठीच्या तुकड्यावर एक खास रंग चढवून बघायला सांगितलं. रंग चढला तर एक गोळी लागू पडणार, नाही चढला तर नाही. या लॅबचा निकाल होता, रंग चढला नाही.

दुसरा कागद दुसऱ्या लॅबचा, परवाचा. तीच गाठ, तोच रंग. आणि निकाल? चढला. चांगला गडद चढला.

"दोन्ही तर खरं नसणार," बाई म्हणाल्या. "मग माझे दहा आठवडे मी कुणाकडे मागू?"

खिडकीच्या आत मुंगी उभी होती. मुंगी म्हणजे रंग चढवणारी पोरगी. लॅबमध्ये कधी एका जागी टिकायची नाही, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणायचे. तिनं पहिल्या कागदाचा खालचा कोपरा बघितला. 'रंग चढवला' या शब्दांपुढे सही होती.

तिचीच.

२

मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टरांनी, दार लावून घेतलं आणि आडवळण न घेता सरळ सांगितलं, की उद्या दुपारी चौकशीचं पत्र वर जाणार. त्यात एक नाव लिहावं लागेल. आणि ज्याचं नाव जाईल त्याला पुन्हा या कामात कुणी उभं करणार नाही.

मुंगी म्हणाली, की मॅडम, एकदा स्लाइड बघू द्या. मॅडमनी बघू दिली.

आता हे नीट ऐका, कारण सगळी गंमत इथंच आहे. रंग चढवताना पेशंटच्या स्लाइडबरोबर एक पारखीची स्लाइड लावतात. तिच्यावरचा तुकडा असा असतो, की रंग बरोबर असेल तर तो तपकिरी होणारच. त्या दिवशीची पारखीची स्लाइड झकास तपकिरी होती. म्हणजे मुंगीचा रंग बरोबर. दुसऱ्या लॅबमध्ये गाठीवर रंग चढला, म्हणजे गाठही बरोबर. रंग बरोबर, गाठ बरोबर, तरी बाईंची स्लाइड धुतल्यासारखी फिकी. तिच्या मधून एक केसासारखी बारीक रेघ गेली होती, तेवढीच काय ती खूण.

मुंगी बाहेर आली तर दारात टाय उभा. हा गुणवत्ता बघणारा माणूस, उन्हाळ्यातही टाय सोडायचा नाही. मुंगीचं आणि त्याचं कधी पटलं नव्हतं. तिला वाटायचं हा आपल्या वाईटावर आहे. त्यानं फाइलमधून एक चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. महिन्यापूर्वी त्याच्या टेबलावर कुणीतरी ठेवून गेलं होतं.

'रंग चढवणारी मुलगी स्लाइड पूर्ण वेळ उकळत नाही. पुढे घोटाळा होईल.' सही नाही. खाली तारीख, तारखेखाली दोन रेघा. अक्षर वेडंवाकडं, खडबडीत रस्त्यावर बसमध्ये बसून लिहिल्यासारखं.

मुंगीनं स्वच्छ सांगितलं, की उकळल्याशिवाय रंग धरत नाही, म्हणून मी रोज गजर लावून वीस मिनिटं उकळते. टाय म्हणाला, की मला चिठ्ठी आवडलेली नाही, पण फाइलला लावावी लागली. मग फाइल बंद करत म्हणाला, "तुझं वाईट चिंतणारं कोणीतरी आहे इथं. आणि तो मी नाही."

३

अशा वेळी ती जायची कुणाकडे? मास्तरांकडे.

मास्तर म्हणजे लॅबमधले सगळ्यात जुने. मेणात बसवलेल्या तुकड्याला लॅबमध्ये ब्लॉक म्हणतात. त्या ब्लॉकमधून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा आणि काचेवर चढवायचा, हे मास्तरांचं काम. मुंगी नवी आली तेव्हा तिला पेन्सिल धरण्यापासून त्यांनी शिकवलेलं. बोटं पोळली तर मलम लावलेलं. कापायच्या खोलीत भिंतीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'कापलं की आठवड्यात रंगवा. नाहीतर मेणात बुडवून थंडीत ठेवा.' कारण ब्लॉकमध्ये तुकडा वर्षानुवर्षं सुखरूप असतो, पण कापून काचेवर आला की उघडा पडतो. ऊब लागली, ओल लागली, की दिसायला अगदी तसाच दिसतो, पण खास रंग ज्याला चिकटतो ती गोष्टच हळूहळू मरते.

मास्तरांनी तिला बसवलं. नेहमीसारखा अर्धा कपच चहा ओतला स्वतःला. हल्ली ते अर्धाच घ्यायचे, पोट बरं नसतं म्हणायचे. सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, कबूल करून टाक. एक दिवस उकळी कमी पडली म्हणावं. एकच तर केस आहे. मॅडमना मी सांभाळतो."

मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली चूक नाही हे तिला माहीत होतं, पण मास्तर सांगताहेत म्हणजे आपल्या भल्याचंच असणार. ती कबुली लिहायला कागदही मागायला निघाली होती खरं तर. दारातून वळून तिनं सहज विचारलं, की मास्तर, ती स्लाइड त्याच आठवड्यात कापलेली ना?

"लेबल बघ की," मास्तर म्हणाले.

लेबलवर तारीख होती. रंगवलं त्याच्या आदल्या दिवसाची.

पण मुंगीला पायऱ्या उतरताना एक विचित्र गोष्ट आठवली. रोजचे साधे ब्लॉक हल्ली ते तिलाच कापायला द्यायचे, पण खास रंगासाठी कापायचं असलं की मास्तर दार लावून रेडिओ लावायचे. वाऱ्यानं काप उडतात म्हणून दार, हे ठीक. ते मशीन हातानं फिरवायचं असतं, चाकाचा खर्र खर्र आवाज पार जिन्यापर्यंत येतो.

गेले चारपाच महिने त्या बंद दाराआडून तो आवाज तिनं ऐकलाच नव्हता.

४

मनात आलं ते तिनं झटकून टाकलं. छे, मास्तर? त्यापेक्षा फ्रीज बिघडला असेल. म्हणून ती तळघरात थंडोबाकडे गेली.

थंडोबा फ्रीजवर बसलेला असायचा. म्हणजे वर नाही, शेजारी. बोलणं हळू, चालणं हळू, स्वेटर बारा महिने. पण वही मात्र अशी, की तीन फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा, एक दिवस चुकलेला नाही.

"काय गं मुंगे, माझ्या फ्रीजवर आलीस होय," तो म्हणाला. "एक बिघडला होता दोन दिवस. दुसऱ्यात हलवलं सगळं. वहीत आहे. पारखीच्या स्लाइड पण त्यातच होत्या, त्या चढल्या ना नीट?"

चढल्या होत्या. फ्रीज सुटला.

मग तिनं विचारलं, की मास्तरांच्या जादा स्लाइड कुठं असतात? आता जादा म्हणजे काय, तर ब्लॉक मशीनवर असतानाच दोनचार काप जास्तीचे काढून ठेवायचे, पुढे लागले तर म्हणून. ते इथं, मेणात बुडवून, थंडीत ठेवायचे असा नियमच होता.

थंडोबानं बोट ओलं करून पानं उलटली, बराच वेळ उलटली. मग म्हणाला, की नऊ महिन्यांत मास्तरांची एकही जादा स्लाइड आलेली नाही. "विचारलं तर म्हणाले, मी जादा कापतच नाही आता. म्हटलं बरंय, माझी जागा वाचली."

पण मुंगीनं स्वतः बघितलं होतं. सातआठ महिन्यांपूर्वी मास्तर सकाळी दोन तास आधी येऊन नुसते कापत सुटलेले असायचे. तिनं तेव्हा थट्टासुद्धा केली होती, की मास्तर, लढाई आहे का कुठं?

मग ते सगळे काप गेले कुठं?

५

घरी बाबा फळीवर रंधा मारत होते. मुंगीचे बाबा सुतार. अर्ध्या खोलीत घर, अर्ध्या खोलीत भुसा. आई ओरडत होती, की ताटात भुसा पडतोय. बाबा म्हणत होते, की पडू दे, शेवटी लाकडांतच जायचंय एक दिवस. मुंगी जेवली नाही. बाबांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि काही न विचारता तिच्या हातात तीन फळ्या दिल्या.

"बोट फिरव."

तिन्हींवर, एकाच जागी, एक बारीक उंचवटा.

"पात्याला दात पडलाय," बाबा म्हणाले. "तिन्ही एकाच पात्याखालून गेल्यात. आता पातं बदललं, ही चौथी बघ. गुळगुळीत. फळी काही बोलत नाही, पण कुठल्या पात्याखालून आली ते लपवत पण नाही."

मुंगी ताडकन उठली. आईला वाटलं जेवायला उठली.

केसासारखी रेघ! बाईंच्या स्लाइडवर होती ती. मास्तरांनीच तर शिकवलं होतं, की ब्लेडला बारीकसा दात पडला तरी प्रत्येक कापावर त्याच जागी रेघ उमटते, आणि म्हणून संध्याकाळी ब्लेड फेकायचं, दुसऱ्या दिवशी नवं. एका ब्लेडचं आयुष्य एक दिवस.

मंगळवारी सकाळी आठला ती जुन्या स्लाइडच्या खोलीत होती. बाईंच्या गाठीची पहिली स्लाइड तिनं शोधली. सात महिन्यांपूर्वीची, ऑपरेशननंतर लगेच साध्या गुलाबी-जांभळ्या रंगानं रंगवलेली. भिंगाखाली ठेवली. शेजारी ती फिकी स्लाइड ठेवली.

दोन्हींवर रेघ. त्याच जागी, त्याच तिरकसपणानं.

म्हणजे दहा आठवड्यांपूर्वी कापली म्हणून लेबल लावलेली स्लाइड, सात महिन्यांपूर्वी त्याच दिवशी कापलेली होती. लेबल नवं. काप शिळा.

तिनं दोन्ही स्लाइड जपून बाजूला ठेवल्या. पण आता थांबायचं कसं? काम झालं की ब्लॉकच्या तोंडावर मेणाचा पातळ थर देतात, म्हणजे तुकडा बंद राहतो. पुन्हा कापायचा झाला तर तो थर जाणारच. बाईंचा ब्लॉक दुसऱ्या लॅबनं नेऊन कापलेला, म्हणून तो सोडून तिनं गेल्या पाच महिन्यांतल्या खास रंगाच्या केसेस काढल्या, आणि ड्रॉवर उघडून एकेक ब्लॉक उजेडात धरला. ज्यांच्यावर खास रंगाचा निकाल दिलाय, आणि मेणाचा थर जसाच्या तसा आहे. म्हणजे ज्यांना त्यासाठी कुणी कापलेलंच नाही, असे ती मोजत गेली.

एक. दोन. पाच. नऊ.

अकरा.

मास्तर म्हणाले होते, एकच तर केस आहे.

६

डबा सापडायला वेळ लागला नाही. तळघर नाही, मग कापायच्या खोलीतच असणार. काप तरंगवायला तिथं गरम पाण्याचं भांडं दिवसभर वाफाळत असतं. त्याच्या बरोब्बर वरच्या फळीवर, जुन्या वह्यांच्या मागं, पुठ्ठ्याचा डबा. वाफेनं फुगलेला, कोपरे मऊ झालेले. आत ओळीनं स्लाइड, नंबर घातलेल्या, लेबलं नाहीत.

लपवायला चांगली जागा. ठेवायला लॅबमधली सगळ्यात वाईट.

मास्तर आले तेव्हा ती मशीनशेजारी उभी होती. डबा टेबलावर. मास्तरांनी डब्याकडे बघितलं आणि कोट खुंटीला लावला. दोनदा लावावा लागला, पहिल्यांदा खुंटी चुकली.

मुंगीला खूप काही बोलायचं होतं. डबा हातात आल्यापासून मनात पाठ केलं होतं. पण तिनं पारखीचा एक ब्लॉक मशीनवर चढवला आणि नवं ब्लेड बसवलं. "एक काप काढून दाखवा ना मास्तर."

ते बसले. हात चाकावर ठेवला. उजव्या हातात ब्रश घेतला, काप उचलायला. आणि ब्रशचं टोक हलायला लागलं. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर दोन्ही हलायला लागले. एक फेरा. काप चुरगळला. दुसरा फेरा. फाटला. तिसरा त्यांनी फिरवलाच नाही.

अर्धा कप चहा. बंद दार. रेडिओ. 'घे, रोजचे ब्लॉक तू काप, शिकून घे,' असं पाच महिने म्हणणारा प्रेमळ आवाज. सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. आणि मग चिठ्ठी! बसमध्ये लिहिल्यासारखं अक्षर. तारखेखाली दोन रेघा. काल तिच्या लक्षात कसं आलं नाही? सोपं होतं. लॅबमध्ये तारखेखाली दोन रेघा मारणारी माणसं दोनच. एकानं दुसरीला शिकवलेलं. आपलीच सवय डोळ्याला खटकते कुठं?

"चिठ्ठी पण तुम्हीच," ती म्हणाली.

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. मग सांगायला लागले. नऊ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा हात थरथरला. तेव्हाच त्यांनी पुढच्या वाईट दिवसांसाठी चांगल्या दिवसांत कापून ठेवायला सुरुवात केली. फ्रीजमध्ये ठेवलं असतं तर थंडोबाच्या वहीत चढलं असतं, आणि मॅडमनी विचारलं असतं, की एवढं कशाला. शिवाय साध्या रंगात स्लाइड चांगल्याच दिसत होत्या. पहिल्या दोघीतिघींचा निकाल फिका आला तेव्हा त्यांना शंका आली. पण तोवर उशीर झाला होता, असं ते म्हणाले.

"म्हणून आधीच माझं नाव तयार करून ठेवलंत."

"तू लहान आहेस," मास्तर म्हणाले. आवाज तसाच मऊ. "तुला दुसरीकडे मिळेल काहीतरी. मला हात परत मिळणार नव्हते."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिला पोळलेल्या बोटाला लावलेलं मलम आठवलं, आणि ते खरं होतं की खोटं हे काही केल्या ठरेना.

"मला सांगितलं असतंत तर मी कापलं असतं मास्तर. दार लावून. कुणाला कळलं नसतं."

त्यावर ते पहिल्यांदा रडले.

७

डबा बघून मॅडमनी दुपारी पत्र पाठवलं. त्यात मास्तरांचं नाव होतं, बाईंचा नंबर होता आणि आणखी अकरा नंबर होते. टायनं चिठ्ठी फाइलमधून काढायचं म्हटलं, पण मुंगी म्हणाली, राहू दे.

अकराही ब्लॉक मुंगीनंच कापले, मॅडम शेजारी उभ्या असताना. दार उघडं, रेडिओ बंद, चाकाचा आवाज जिन्यापर्यंत. लगेच रंगवले, गजर लावून वीस मिनिटं उकळून. बुधवारी संध्याकाळी स्लाइड बाहेर आल्या. सात फिक्याच राहिल्या, त्या खऱ्याच फिक्या होत्या. चार तपकिरी झाल्या. चार माणसांना मॅडमनी फोन केले. प्रत्येक फोनच्या आधी त्या पाणी प्यायल्या.

वाचनालयातल्या बाई गुरुवारी आल्या. मुंगीनं खिडकीतून नाही, बाहेर जाऊन, त्यांच्या शेजारी बाकावर बसून सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, की ते तुमचे कोण होते? मुंगी म्हणाली, पेन्सिल धरायला त्यांनी शिकवलं. बाई म्हणाल्या, की गोळी सुरू केली आहे कालपासून. आणि दहा आठवड्यांचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्याचंच मुंगीला जास्त लागलं.

मग ती कापायच्या खोलीत आली. जादा काप मेणात बुडवून झाले होते, थंडोबा वही उघडून खाली वाट बघत होता. एका लेबलवर तारीख घालायची राहिली होती. तिनं पेन्सिल घेतली, तारीख घातली, खाली रेघ मारली.

दुसरी मारायला हात आपोआप वळला. तिनं तो मध्येच थांबवला, आणि ट्रे उचलून जिना उतरायला लागली.